दुबळा सावकार

२०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला होता. आदल्या दिवशी रात्री आठ वाजता देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि पाडव्याच्या सकाळी भाईंदर पूर्वेला नवघर रोडवरची दुकानं आणि आसपासच्या औद्योगिक वसाहतींतले गाळे कुलूपबंद राहिले. इथला धंदा ज्याला ठाऊक आहे, त्याला या तारखेचा अर्थ सांगावा लागत नाही. भाईंदर पूर्वेला स्टेनलेस स्टीलची भांडी घडतात आणि भांड्यांचा धंदा दोन हंगामांवर उभा असतो. एक पाडव्यापासून पावसापर्यंतची लग्नसराई, दुसरा धनत्रयोदशी. लग्नसराईचा माल जानेवारी-फेब्रुवारीत बनतो, उधारीवर व्यापाऱ्याकडे जातो आणि लग्नघरांची खरेदी झाली की एप्रिल-मेमध्ये पैसे परततात. म्हणजे टाळेबंदी लागली तेव्हा पत्रा विकत घेऊन झाला होता, मजुरी देऊन झाली होती, माल गाळ्यातून गेला होता. यायचे राहिले होते ते फक्त पैसे. पुढच्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला आला आणि १४ तारखेच्या रात्री आठपासून राज्यभर कडक निर्बंध लागले. दोन वर्षांतल्या दोन्ही लग्नसराया तोंडाशीच गेल्या.

त्या काळात छोट्या उद्योजकांना सल्ले खूप मिळाले. खर्च आवरा, माल साठवू नका, घराचा आणि धंद्याचा पैसा वेगळा ठेवा, सहा महिने पुरेल इतकी गंगाजळी हाताशी असू द्या. यातला एकही सल्ला चुकीचा नाही. पण हे सारे सल्ले असं धरून चालतात की धंद्याचा पैसा मालकाच्या हातात असतो आणि तो नीट वापरणं एवढंच त्याचं काम आहे. नवघरच्या गाळ्यातला पैसा मालकाच्या हातात नसतो. तो त्याच्या गिऱ्हाइकांच्या हातात असतो. छोटा उत्पादक बँकेचा कर्जदार असतो हे सगळ्यांना दिसतं. तो त्याहून मोठा सावकार असतो, आणि त्याने ज्यांना उधार दिलेलं असतं ते बहुधा त्याच्याहून मोठे असतात, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. महामारीत त्याची जी कोंडी झाली ती समजून घ्यायची तर हिशेबाच्या वहीपेक्षा या उलट्या नात्याकडे आधी पाहायला हवं.

नवघर मुळात भाताचं आणि मिठागरांचं गाव. १९८५ साली भाईंदर, मिरे, काशी, घोडबंदर आणि नवघर या ग्रामपंचायती मिळून नगरपरिषद झाली, २००२ मध्ये महापालिका. मुंबईत जागा परवडेनाशी झाली तसे छोटे कारखाने पश्चिम रेल्वेच्या कडेकडेने उत्तरेला सरकले आणि खाडीच्या अलीकडे, भाईंदरला थांबले. इथल्या एका पातेल्यामागे बरेच हात असतात. पत्र्याचा व्यापारी, गोल चकत्या कापून देणारा, प्रेसवर ओढकाम करणारा, कडा वळवणारा, पॉलिशचा ठेकेदार, पॅकिंग करणाऱ्या बायका, टेम्पोवाला, दलाल, घाऊक व्यापारी आणि शेवटी कुठल्या तरी तालुक्याच्या गावातलं भांड्यांचं दुकान. या साखळीत माल एका दिशेने जातो आणि पैसा उलट्या दिशेने येतो. माल दोन-तीन आठवड्यांत टोकाला पोचतो, पैशाला तेच अंतर कापायला दोन-तीन महिने लागतात. मधल्या अंतराचा भार कोणीतरी वाहायचा असतो. ज्याला थांबण्यावाचून इलाज नाही, तोच हा भार वाहतो.

एक गाळा धरू या. आकडे माझे आहेत, पण या धंद्यातल्या कोणालाही परके वाटणार नाहीत. महिन्याची विक्री १० लाख. त्यात ७ लाखांचा पत्रा, १ लाख ३० हजार मजुरी आणि पॉलिश, ४० हजार भाडं, ३० हजार वीज, ३५ हजार कर्जाचा हप्ता. उरलेल्या ६५ हजारांतून सीसी (कॅश क्रेडिट) खात्याचं व्याज जातं आणि घर चालतं. गिऱ्हाइकाला उधारी ६० दिवसांची, पत्रेवाल्याकडून मिळते २० दिवसांची. म्हणजे कोणत्याही दिवशी याचे २० लाख बाजारात अडकलेले, ७ लाखांचा माल गाळ्यात पडलेला, साधारण पावणेपाच लाख पत्रेवाल्याला देणं, बँकेच्या सीसी खात्यातून १२ लाख उचललेले, यंत्रांवरचं ६ लाखांचं मुदतकर्ज वेगळं. खात्यात शिल्लक दीड लाख. यंत्रं आणि त्यांवरचं कर्ज बाजूला ठेवलं तर हा माणूस कागदावर सुमारे १२ लाखांचा धनी आहे. काम थांबलं, पत्रा घेणं थांबलं, हप्ता पुढे ढकलला गेला, तरी मजुरी, भाडं, विजेचा स्थिर आकार आणि घरखर्च मिळून महिन्याला सव्वादोन-अडीच लाख लागतातच. दीड लाख वीस दिवस पुरतात.

वीस दिवस ऐकून कोणी म्हणेल, हा आपल्याकडचा गलथानपणा. तसं नाही. अमेरिकेतल्या जेपी मॉर्गन चेस बँकेच्या संशोधन संस्थेने २०१६ साली लाखो छोट्या धंद्यांची खाती तपासली, तेव्हा तिथल्या मध्यावरच्या धंद्याकडे आवक थांबल्यास २७ दिवस पुरेल इतकीच रोख निघाली. खानावळी-हॉटेलांकडे १६ दिवसांची. छोटा धंदा जगभर असाच महिन्याभराच्या श्वासावर चालतो, कारण त्याच्या पैशाचं काम फिरण्याचं असतं, पडून राहण्याचं नसतं. आणि ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन शिल्लक ठेवली होती त्यांचंही एक दुःख इथे सांगायला हवं. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले. मुंबई आणि उपनगरांतल्या कित्येक छोट्या व्यापाऱ्यांची चालू खाती त्या बँकेत होती. सुरुवातीला खात्यातून फक्त हजार रुपये काढता येत होते. टाळेबंदी लागली तेव्हा ही मर्यादा पन्नास हजारांवर होती, जून २०२० मध्ये ती लाखावर गेली. गंगाजळी असूनही ती हाताला लागली नाही.

पुन्हा आपल्या गाळ्याकडे येऊ. त्याच्या २० लाखांपैकी चौथा हिस्सा, म्हणजे ५ लाख वेळेवर आले असते, तर गाळा बंद ठेवूनही मजूर दोन महिने सांभाळता आले असते. जूनच्या सुरुवातीला ‘मिशन बिगिन अगेन’ म्हणून राज्य थोडं उघडलं तेव्हा तो उभा राहिला असता. हे पैसे दान नव्हते, कर्ज नव्हतं, गेलेल्या मालाची किंमत होती. ती आली नाही.

का आली नाही याची काही कारणं अगदी साधी आहेत. आपल्याकडे वसुली चालत जाऊन करावी लागते. दर आठवड्याला विरार-चर्चगेट पकडायची, बाजारात पेढीवर जाऊन बसायचं, चहा घ्यायचा, जुन्या बिलापोटी जमेल तेवढं घेऊन यायचं. फोनवर मागितलेल्या पैशाला ‘पाठवतो’ एवढंच उत्तर असतं. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली. जूनच्या मध्याला सुरू झाली ती अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. ऑक्टोबरमध्ये महिलांना परवानगी मिळाली आणि सर्वसामान्यांना, तीही ठरावीक वेळांत, १ फेब्रुवारी २०२१ ला. दहा महिने वसुलीचा रस्ताच बंद होता. भाईंदरला तर वसई खाडी ओलांडायची सरळ वाट तेव्हा फक्त रेल्वेचीच होती. नालासोपारा-विरारचा कारागीर गाळ्यावर येऊ शकत नव्हता आणि मालक बाजारात जाऊ शकत नव्हता. जुलै २०२० मध्ये महापालिकेने शहरात पुन्हा कडक टाळेबंदी लावली, तेव्हा नुकती हललेली चाकं परत थांबली.

पण लोकल हे अर्धंच कारण. व्यापाऱ्याकडे जो थोडा पैसा होता, तो त्याने आपल्याजवळ धरून ठेवला, कारण उद्याचा भरवसा कोणालाच नव्हता. त्याच्या जागी कोणीही असता तर तेच करता. संकटात प्रत्येक जण आपलं देणं लांबवतो आणि येणं ओढतो. फरक इतकाच की मोठ्याला लांबवता येतं. त्याच्याकडे दहा उत्पादक आहेत, उत्पादकाकडे त्याच्यासारखे दोनच व्यापारी. ज्याचे पैसे लांबले त्याने ओरड केली तर पुढच्या हंगामाची ऑर्डर शेजारच्या गाळ्यात जाते. म्हणून तो गप्प राहतो. रोखीचं नियोजन म्हणून जे शिकवलं जातं त्यातलं पहिलं कलम ‘येणं लवकर आणा, देणं उशिरा द्या’ हे असतं. सगळ्यांनीच ते पाळलं तर साखळीच्या शेवटी जो उभा आहे त्याला येणं द्यायला कोणी उरत नाही. एकाचं शहाणपण दुसऱ्याच्या गाळ्याला कुलूप लावतं, ही गोष्ट व्यवस्थापनाच्या पाठात येत नाही.

आणि याच वेळी कायद्याने छोट्या उत्पादकाच्या हातची काठी काढून घेतली. दिवाळखोरी संहितेनुसार एक लाख रुपयांवर देणं थकलं की येणेकरी न्यायाधिकरणाकडे जाऊ शकत होता. २४ मार्च २०२० ला, पंतप्रधानांनी टाळेबंदी जाहीर केली त्याच दिवशी, ही मर्यादा एक कोटीवर नेण्यात आली. पुढे २५ मार्चनंतरच्या थकबाकीसाठी ही प्रक्रियाच वर्षभर स्थगित झाली. हेतू चांगला होता. छोट्या कंपन्यांना संकटकाळात कोणी दिवाळखोरीत ओढू नये, असाच विचार त्यामागे सांगितला गेला. पण ज्याचे ८ लाख एखाद्या बड्या कंपनीकडे थकले होते, त्याच्यासाठी तो दरवाजा कायमचा बंद झाला. मर्यादा आजही एक कोटीच आहे. जून २०२० मध्ये धनादेश न वटल्यास होणारी फौजदारी शिक्षा काढून टाकण्याचा प्रस्ताव आला. व्यापारी संघटनांनी कडाडून विरोध केला, तेव्हा तो मागे पडला. भाईंदरच्या धंद्यात पुढच्या तारखेचा चेक हाच उधारीचा मुख्य कागद असतो. त्यामागची शिक्षेची भीती गेली असती तर तोही कागद कोरा झाला असता.

असं का व्हावं, याचा विचार करताना मला आपल्या मनात खोल रुजलेलं एक चित्र दिसतं. १६३० च्या भीषण दुष्काळात देहूच्या तुकाराम बोल्होबांचं दुकान बुडालं. घरची माणसं गेली. परंपरा सांगते की त्यांनी वडिलार्जित कर्जखतांची भावाबरोबर वाटणी केली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडून दिली. महाराष्ट्राला ही गोष्ट इतकी जवळची का, तर तिच्यात ज्याचं येणं आहे तो सबळ आणि ज्याचं देणं आहे तो दुष्काळाने पिचलेला कुणबी आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतं जाळली आणि त्यातून १८७९ चा डेक्कन शेतकरी कायदा झाला. कर्जदाराला सावकारापासून वाचवणं हा आपल्या न्यायबुद्धीचा गाभा ठरला, आणि शेतीच्या बाबतीत तो रास्तच होता. आजही संकट आलं की सरकार, न्यायालय, वर्तमानपत्र सगळे पहिल्यांदा देणेकऱ्याकडे करुणेने पाहतात. छोट्या उद्योगाच्या बाजारात मात्र जागा बदललेल्या आहेत. इथे देणेकरी पेढी चालवतो आणि सावकार गाळ्यात पॉलिशच्या धुळीत उभा असतो. त्याच्या वहीतलं येणं बुडालं तर कोणा धनिकाचं नुकसान होत नाही, आठ-दहा कारागिरांची मजुरी बुडते.

मजुरीवरून हे सगळ्यात उघड दिसतं. २९ मार्च २०२० ला केंद्रीय गृहमंत्रालयाने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आदेश काढला की टाळेबंदीतही मजुरांना पूर्ण वेतन द्यावं, कपात करू नये. कारागिराची बाजू पाहिली तर आदेश न्याय्यच होता. उत्तर प्रदेश, बिहारहून आलेला मुलगा खोलीचं भाडं आणि खानावळीचे पैसे कुठून देणार? पण हा आदेश पाळण्यासाठी मालकाला जे हवं होतं, त्याच्याच मालाचे थकलेले पैसे, ते चुकते करा असा आदेश कोणत्याही खाजगी खरेदीदाराला गेला नाही. साखळीतल्या सर्वांत अशक्त कडीवर सगळा भार आला. मालक न्यायालयात गेले, १८ मेपासून आदेश मागे घेतला गेला, १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक आणि कामगारांनी आपसात बोलून मार्ग काढावा असं सांगितलं. तोवर मे महिन्यात श्रमिक गाड्या सुटल्या होत्या आणि भाईंदरचे पॉलिशवाले गावी पोचले होते.

आता मदतीकडे पाहू. २७ मार्चला रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलायची मुभा दिली, मेमध्ये ती ऑगस्टअखेरपर्यंत वाढवली. श्वास घ्यायला हे उपयोगी पडलं, यात शंका नाही. पण व्याज चालूच राहिलं. आपल्या गाळ्याच्या ६ लाखांच्या कर्जावर १२ टक्क्यांनी सहा महिन्यांचं साधं व्याज ३६ हजार होतं. चक्रवाढीने ३६ हजार ९१२. व्याजावरचं व्याज घेऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयात मोठी लढाई झाली, सरकारने दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवर तो फरक परत दिला, मार्च २०२१ मध्ये न्यायालयाने तो सगळ्यांनाच लागू केला. महिनोन्‌महिने मथळे झाले त्या न्यायाची किंमत या कर्जापुरती ९१२ रुपये होती. ३६ हजार भरायचे होते ते भरायचेच राहिले.

दुसरी मोठी मदत मे २०२० मधली तारणाशिवायच्या हमी कर्जाची. तीन लाख कोटींची ही योजना पुढे पाच लाख कोटींपर्यंत वाढली. २९ फेब्रुवारी २०२० ला जेवढं कर्ज शिल्लक, त्याच्या २० टक्के जादा कर्ज, वर्षभर मुद्दल नाही, हमी पूर्ण सरकारची. आपल्या गाळ्याचं कर्ज १८ लाख, म्हणून त्याला ३ लाख ६० हजार मिळाले. दीड महिना निभावला. बाजारात त्याचे स्वतःचे २० लाख पडून होते, आणि त्याच्या पाचव्या हिश्श्याहून कमी रक्कम त्याने व्याजाने घेतली. ज्याने आधी कधीच बँकेचं कर्ज घेतलं नव्हतं त्याचं काय? शून्याचे वीस टक्के शून्यच. फेरीवाल्यांसाठी १ जूनला स्वनिधी योजना आली, दहा हजारांची. फेरीवाला आणि सीसी खातेदार यांच्या मधली जी माणसं आहेत, पॉलिशचा छोटा ठेकेदार, घरात इमिटेशन दागिने जुळवणारी बाई, कारागिरांना डबा देणारी खानावळ, त्यांचा व्यवहार भिशीवर, पतपेढीच्या पिग्मीवर आणि ओळखीच्या उसनवारीवर चालतो. टाळेबंदीत पिग्मीचा एजंट यायचा थांबला आणि हप्ते न आल्याने भिशा मोडल्या. या लोकांनी घरातलं सोनं काढलं. ऑगस्ट २०२० मध्ये सोन्याचा भाव दहा ग्रॅमला ५५ हजारांच्या वर गेला होता आणि त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने सोन्याच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायला बँकांना परवानगी दिली. नवघरच्या कितीतरी धंद्यांना त्या वर्षी मंगळसूत्राने वाचवलं, ही गोष्ट कुठल्याच योजनेच्या अहवालात येणार नाही.

अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये छोट्या धंद्यांना पगारासाठी पैसे दिले. पगारावर खर्च केले तर परत करायचे नाहीत, अशी अट होती. पहिले ३४९ अब्ज डॉलर तेरा-चौदा दिवसांत संपले. त्यात मोठ्यांनी हात धुऊन घेतले, हेही खरं. आपल्या तिजोरीला तसं झेपलं नसतं, हा युक्तिवाद मी मान्य करतो. पण बुडालेल्या उत्पन्नाच्या जागी कर्ज देणं म्हणजे नुकसान पुढच्या चार वर्षांच्या नफ्यातून कापून घेणं आहे, एवढं तरी स्पष्ट म्हणायला हवं होतं. माझ्या मते त्या काळातलं सर्वांत शहाणं पाऊल फारसं गाजलंच नाही. ८ एप्रिलला अर्थखात्याने अडकलेले प्राप्तिकराचे पाच लाखांपर्यंतचे परतावे आणि वस्तू व सेवा कर, सीमाशुल्क यांचे परतावे लगेच सोडायचं ठरवलं. मदत म्हणून जाहीर झालेला हा पैसा मुळात त्यांचाच होता. भांड्यांच्या धंद्यात याचं मोल विशेष, कारण तेव्हा पत्र्यावर कर १८ टक्के आणि भांड्यावर १२ टक्के. उत्पादकाचा कर सरकारकडे साचत जायचा. शिवाय पत्र्यावरचा सव्वा लाखाचा कर वीस दिवसांत द्यायचा आणि भांड्यावरचा कर गिऱ्हाइकाकडून साठ दिवसांनी मिळवायचा. सरकारने स्वतःकडची येणी मोकळी केली, तोच न्याय बाजाराला लावायला हवा होता.

गाळा बंद असतानाच्या हालांवर पुष्कळ लिहिलं गेलं. तो उघडतानाचे हाल जास्त होते, आणि याबद्दल बोललं जात नाही. बंद गाळ्याला सव्वादोन लाख लागत होते, उघडायचं म्हटल्यावर त्याला एकदम सात-आठ लाख लागू लागले. पत्रेवाला आता उधार देईना, जुनं खातं चुकतं करा आणि नवा माल रोखीने न्या म्हणू लागला. गावी गेलेल्या कारागिराला परत आणायचं तर गाडीभाडं आणि उचल आधी पाठवावी लागे. २०२० च्या अखेरीस पोलादाचे भाव चढले, म्हणजे तेवढ्याच पैशात कमी पत्रा. धनत्रयोदशी १३ नोव्हेंबरला होती आणि गिऱ्हाईक आलंही. पण त्याचा माल सप्टेंबरात बनवायला लागणारा पैसा मार्चच्या उधारीत अडकलेला होता. ऑर्डर हातात असून काम करता आलं नाही, असे गाळे होते. मागणी परत आली की उद्योग परत येतो, हा समज या धंद्यात खोटा ठरला. मागणी आणि उद्योग यांच्यामध्ये साठ दिवसांची दरी आहे आणि ती ओलांडायला लागणारं खेळतं भांडवल टाळेबंदीत खाऊन संपलेलं होतं.

मग मालकाने स्वतः काहीच करायचं नाही का? पुष्कळ काही करायचं आहे. दर सोमवारी पुढच्या तेरा आठवड्यांचं येणं-जाणं एका कागदावर मांडणं, हे तर शाळेतली मुलगीही बापासाठी करू शकते. एकाच व्यापाऱ्याकडे निम्म्याहून जास्त येणं अडकू न देणं. उधारीचा भाव आणि रोखीचा भाव वेगळा ठेवणं, म्हणजे साठ दिवसांची किंमत तरी दिसते. आणि तंगीत कोणाला आधी द्यायचं याचा क्रम शांत डोक्याने ठरवणं. पैसे कमी असले की बहुतेक जण जो जास्त ओरडतो त्याला आधी देतात, म्हणजे बँकेला आणि बड्या पुरवठादाराला. माझं म्हणणं, पॉलिशवाल्याला आधी द्यावं. बँकेने मुभा दिली होती, विजेच्या स्थिर आकाराला राज्य वीज नियामक आयोगाने उद्योगांसाठी तीन बिलांची सवलत दिली होती, घरमालकाशी बोलता येतं. पॉलिशवाल्याकडे थांबायची ताकद नसते, आणि तो एकदा उठून गेला की गाळा उघडून उपयोग नसतो. जो मालक बाजाराकडे न्याय मागतो, त्याने आपल्या ठेकेदाराचे पैसे नव्वद दिवस अडकवलेले असतील तर त्याच्या मागणीला वजन येत नाही.

उधारी नको असं मी म्हणत नाही. उधारीवाचून तालुक्याच्या दुकानात भांडी लागणारच नाहीत. दुकानदार माल विकून पैसे देतो, त्याच्या विश्वासावर हा बाजार पिढ्यान्‌पिढ्या उभा आहे. उधारीची मुदत कोण ठरवतो, हा वादाचा मुद्दा आहे. कायद्याने ती केव्हाच ठरवलेली आहे. लघुउद्योगांच्या थकबाकीवर व्याजाचा कायदा १९९३ साली झाला. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात मुदत पंधरा दिवसांची, लेखी करार असला तरी पंचेचाळीसच्या पुढे नाही, आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. जगातल्या कडक कायद्यांत तो बसेल. पण तो चालवायचा तर उत्पादकाने स्वतःच्याच गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करायला हवी, आणि गिऱ्हाईक गमावून मिळालेलं व्याज कोणाला हवं आहे? म्हणून तो कागदावर राहिला. १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकर कायद्यातलं नवं कलम लागू झालं. सूक्ष्म वा लघु उद्योगाचं देणं मुदतीत दिलं नाही, तर त्या वर्षी तो खर्च वजा धरला जात नाही. इथे तक्रार कोणी करायची नाही, खरेदीदाराचा हिशेबनीसच त्याला सांगतो की पैसे देऊन टाका. तत्त्व योग्य आहे. व्यापाऱ्यांनी यावर जो आक्षेप घेतला तोही पोकळ नव्हता. ऑर्डरी नोंदणी नसलेल्यांकडे वळतील, आणि मधला व्यापारी स्वतःच छोटा असेल तर पंचेचाळीस दिवसांत तो आणणार कुठून, असं ते म्हणाले. त्यात घाऊक व किरकोळ व्यापाऱ्याला सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी मिळाली ती फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती, थकबाकीचं संरक्षण त्याला नाही. त्याच्या वरच्याने त्याचे पैसे चार महिने अडकवले तरी त्याच्याकडे इलाज नाही. साखळीच्या एकाच कडीला बांधलेला नियम तिथेच ताण आणतो.

म्हणून सुधारणा वरच्या टोकापासून, जिथे पैसा सर्वांत जास्त आणि बँक सर्वांत जवळ आहे तिथून सुरू व्हायला हवी. बड्या खरेदीदारांची बिलं वटवून देणारे ऑनलाइन बाजार २०१७ पासून आहेत. उत्पादकाचं बिल खरेदीदाराने मान्य केलं की वित्तसंस्था त्याला लगेच पैसे देते आणि मुदतीला खरेदीदाराकडून वसूल करते. जोखीम मोठ्याच्या नावावर राहते, म्हणून व्याजही मोठ्याच्या दराने लागतं. ५०० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना यात नोंदणी सक्तीची होती, २०२४ च्या शेवटी ती २५० कोटींवर आणली. ती आणखी खाली, घाऊक पेढ्यांपर्यंत यायला हवी. आणि पुढच्या संकटासाठी एक अट आजच कायद्यात लिहून ठेवावी: सरकारी हमीचं कर्ज किंवा हप्त्यांची सवलत ज्या खरेदीदाराला हवी असेल, त्याने आधी दहा लाखांच्या आतली छोट्या पुरवठादारांची सगळी देणी चुकती केल्याचा दाखला द्यावा, किंवा बँकेने त्या कर्जातून ती परस्पर त्यांच्या खात्यात भरावीत. या व्यवहारांच्या नोंदी वस्तू व सेवा कराच्या जाळ्यात बिलवार आधीच आहेत. मे २०२० मध्ये ही अट असती तर तिजोरीवर एक रुपयाही जादा भार न पडता तोच हमीचा पैसा मोठ्याच्या खात्यात न थांबता खाली उतरला असता, घाऊक व्यापाऱ्याकडून गाळ्यात आणि गाळ्यातून पॉलिशवाल्याकडे. आपल्या गाळ्यातल्या माणसाला ३ लाख ६० हजारांचं नवं कर्ज काढायची गरज पडली नसती, आणि नोव्हेंबरच्या धनत्रयोदशीचा माल त्याने सप्टेंबरात स्वतःच्या पैशाने बनवला असता.